लेकराचं पोट सारखंच दुखून राह्यलं? एकटीनं धावू नका



आपल्या गटाच्या कर्ज रजिस्टरात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. बियाणं-खत, बकरी, शिलाई मशीन, लग्न आणि आजारपण. अमरावती आणि अकोला जिल्ह्यातल्या गटांची रजिस्टरं पाहताना मी 'आजारपण' लिहिलेल्या ओळीवर थांबून विचारते, "आजारी कोण होतं?" बरेचदा उत्तर येतं, "लेकराचं पोट दुखते." आणि त्याला जोडून दुसरं वाक्य, "तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काहीच निघालं नाही. पण पोट्टं तर रोजच दुखते म्हन्ते."

या महिन्याचा आरोग्याचा लेख अशाच पोटदुखीवर आहे. एक दिवस दुखून थांबणारी पोटदुखी नाही, तर दोन-दोन महिने पाठ न सोडणारी. जी महिन्यातून चार-पाच वेळा तरी येते, शाळा बुडवते, आईची मजुरी बुडवते आणि घरात भांडण लावते. सासू म्हणते, नजर लागली. बाप म्हणतो, नाटक करते. शाळेतले सर म्हणतात, अभ्यास नको म्हणून. आणि आई एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहते.

मला सांगायचं आहे ते एवढंच: असं दुखणं खरं असतं, बहुतेक वेळा ते जिवावरचं नसतं, आणि ते एकट्या डॉक्टरनं किंवा एकट्या आईनं बरं होत नाही. त्याला चार-पाच माणसांनी मिळून हात लावावा लागतो. ती माणसं आपल्या गावात आणि तालुक्यात आधीच आहेत. फक्त ती एकमेकांशी बोलत नाहीत.

'काहीच निघालं नाही' म्हणजे काय?

लेकरांची अशी पोटदुखी ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावच्या जॉन अ‍ॅप्ली या बालरोगतज्ज्ञानं आपल्या सहकारी डॉक्टर नोरा नेश यांच्यासोबत १००० शाळकरी मुलं तपासून १९५८ साली त्याची माहिती छापली. दर दहा मुलांमागे साधारण एकाला अशी परत परत येणारी पोटदुखी होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात डोळ्याला दिसेल असा कुठलाच आजार सापडला नाही. म्हणजे आपल्या गावच्या शाळेत एका वर्गात तीस लेकरं असतील, तर त्यात दोन-तीन अशी निघाली तर नवल नाही.

मग दुखते कशानं? हे समजायला आपल्या वावरातलं झटका मशीन आठवा. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून तार लावतो, तिला सायरन जोडतो. डुक्कर तारेला लागलं की सायरन वाजतो. पण मशीन जास्तच नाजूक झालं, तर ओलं गवत तारेला टेकलं तरी सायरन वाजतो. रात्री उठून टॉर्च मारला तर डुक्कर कुठंच नाही. म्हणून सायरन खोटा वाजला का? आवाज तर सगळ्या शिवारानं ऐकला.

पोटाचंही तसंच आहे. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी नसांचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. एखादा मोठा जुलाब झाला, बद्धकोष्ठ राहिलं किंवा मनावर ताण आला, की काही लेकरांचं हे जाळं नाजूक होऊन बसते. मग साधा गॅस सरकला, जेवण पुढं ढकललं गेलं, तरी मेंदूला दुखल्याचा निरोप जातो. सोनोग्राफीत आतड्याचा आकार दिसतो, नसांचा नाजूकपणा दिसत नाही. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि दुखणं तसंच राहते. डॉक्टर याला कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. अवयव शाबूत, पण त्याचं काम आणि त्याचे निरोप बिघडलेले.

तर "नाटक करते" हे वाक्य आजपासून बंद करू. त्या लेकराला खरंच दुखते.

आधी धोक्याच्या खुणा पाहा

वरचं वाचून "म्हणजे काही नसते" असं समजून बसू नका. काही पोटदुख्यांच्या मागं आजार असतो. खालचं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय बाजूला ठेवून लेकराला डॉक्टरकडं न्या:

• वजन कमी होते आहे, किंवा वर्षभरात उंची-वजन वाढलंच नाही
• शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच
• हिरवी किंवा रक्ताची उलटी, किंवा उलट्या थांबतच नाहीत
• दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येते
• बरेच दिवस ताप, किंवा घरात कोणाला टीबी आहे
• डोळे पिवळे, सांधे सुजलेले, तोंडात सारखे फोड
• लघवीला जळजळ, किंवा पाठीच्या एका बाजूनं कळ
• पोट कडक झालं, हात लावू देत नाही

दुखणं बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडं खाली सरकलं, सोबत ताप-उलटी आली, तर ते अपेंडिक्स असू शकते. तिथं एक रात्रही थांबू नका आणि एरंडेल तर अजिबात पाजू नका. १०८ ला फोन करा.

अ‍ॅप्लींचा एक ठोकताळा डॉक्टर मंडळी अजून सांगतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आजाराची शंका जास्त. म्हणून लेकराला विचारा, "एका बोटानं दाखव, कुठं दुखते?"

आपल्या भागात नेहमी सापडणारी कारणं

बद्धकोष्ठ: हे सगळ्यात जास्त, आणि सगळ्यात कमी विचारलं जाणारं. पाचवी-सहावीच्या लेकराला शौचाला कधी गेला होता, हे आईला माहीत नसते. शाळेतल्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून पोरी सकाळपासून दाबून धरतात. दाबून धरलं की खडा होतो, खडा झाला की दुखते, दुखते म्हणून आणखी दाबून धरतात. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा अशा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाण्याला चव नाही, म्हणून लेकरं पाणीही कमी पितात.

जंत: राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला असतो, २०१५ पासून सुरू आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, मोठ्यांना पूर्ण, चावून खायची. त्या दिवशी लेकरू घरी राहिलं तर आशाताईला सांगून नंतरच्या फेरीत घ्या. पण दर पोटदुखीला जंताची गोळी हा उपाय नाही.

रिकामं पोट: सकाळी चहा-टोस्ट, अकराला पाच रुपयाचं पाकीट, दुपारी शाळेतली खिचडी. कापूस वेचाईच्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते, तेव्हा हे जास्त होते.

पाळी: बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलीचं पोट दुखत असेल तर तारीख लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच दिवसांत दुखते का? आणि मुलगी पंधरा वर्षांची झाली, पाळी आली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, असं असेल तर लाजून घरी ठेवू नका. पाळीचा रस्ता अडलेला असू शकतो. त्यावर इलाज आहे.

सिकलसेल: विदर्भात हा आजार आहे आणि मेळघाटात तर तो लक्षात ठेवायलाच हवा. यात अंग, हाडं, पोट दुखण्याचे झटके येतात. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी तपासणी होते. नात्यात कोणाला असेल तर ती आधी करून घ्या.

सोनोग्राफीत 'आतड्याच्या गाठी' लिहून आल्या म्हणून घाबरून जाऊ नका. लहान गाठी धडधाकट लेकरांतही दिसतात. गाठ किती मोठी, सोबत ताप आणि वजन घटणं आहे का, हे बालरोगतज्ज्ञाला विचारा. तसं न विचारता नुसत्या एका रिपोर्टवर लांबलचक औषधं सुरू करू नका.

मनाचा ताण पोटात उतरतो

परीक्षेच्या दिवशी आपल्यालाही पोटात गोळा येतो. लेकराला "मले टेन्शन आलं" असं सांगता येत नाही, ते म्हणते, "पोट दुखते." शाळेत कोणी चिडवते, गणिताचे सर मारतात, आई-बाप रात्री भांडतात, बाप दारू पिऊन येतो, सोयाबीन गेलं म्हणून घरात कोणी बोलत नाही. हे सगळं लेकरू ऐकत असते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांचं दुःख किती घरांनी पाहिलं आहे, हे मी सांगायची गरज नाही. अशा घरातलं लेकरू महिनोन्‌महिने पोट धरून बसलं, तर त्याला गॅसची गोळी किती पुरणार? विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे, अमरावती आणि अकोला त्यात आहेत. आशाताई घरोघरी विचारपूस करतात आणि जिल्हा पातळीवर समुपदेशन मिळते. तो मोठ्यांसाठी आहे असं समजू नका. घरातला मोठा माणूस सावरला, की लेकराचं पोटही सावरते.

आणखी एक नाजूक गोष्ट. लेकरू एखाद्या ठराविक माणसाकडं जायचं म्हटलं की पोट दुखते म्हणत असेल, एकाएकी गप्प झालं असेल, तर त्याला एकांतात प्रेमानं विचारा. कोणी वाईट स्पर्श केला असेल तर ते असंच बाहेर येते. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर त्यासाठीच आहे.

टीम म्हणजे कोण?

मोठ्या शहरातल्या लेकरांच्या दवाखान्यात अशा पोटदुखीसाठी पोटाचे डॉक्टर, समुपदेशक, आहारतज्ज्ञ आणि नर्स मिळून एकाच लेकराचा विचार करतात. कारण आजार नाही हे डॉक्टर सांगू शकतो, पण शाळेतला संडास, घरातलं भांडण आणि डब्यातलं जेवण त्याला दिसत नाही. ते दिसणारी माणसं वेगळी असतात. आपल्याकडं तसा दवाखाना जवळ नसला, तरी माणसं आहेत. पाहा:

१. आई (किंवा जी बाई लेकराला सांभाळते ती). टीमची प्रमुख तीच. नोंदवही तिच्याकडं.

२. आशाताई आणि अंगणवाडीताई. वजन-उंची करणं, धोक्याच्या खुणा ओळखणं, कुठल्या दिवशी कुठला डॉक्टर बसतो हे सांगणं.

३. शाळा तपासणीचं पथक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. १८ वर्षांपर्यंतची मुलं ते तपासतात. मोठ्या मुलींना पाळीचं दुखणं, लघवीची जळजळ, उदास वाटणं याबद्दलही ते विचारतात. त्या दिवशी लेकराला शाळेत पाठवा आणि नोंदवही सोबत द्या. पुढं पाठवायचं असेल तर तेच चिठ्ठी देतात. जिल्ह्याच्या ठिकाणी याच कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तिथं बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक एका छताखाली बसतात.

४. वर्गशिक्षक. शौचाला जायची परवानगी, दुखलं तर दहा मिनिटं बसायची जागा, आणि लगेच घरी न पाठवणं. एवढं सरांनी केलं तरी अर्धं काम होते.

५. समुपदेशक. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुला-मुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. फोनवर बोलायचं तर टेली-मानस, १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि फुकट, मराठीतून बोलता येते.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथं तपासणी आणि औषध मोफत आहे. गटातून कर्ज उचलायच्या आधी ही पायरी चढा.

एका गावात असं केलं

खारपाणपट्ट्यातलं एक गाव, नाव सांगत नाही. सहावीतली मुलगी. दिवाळीपासून पोट दुखत होतं, बेंबीजवळ, बहुतेक सकाळी. दोन खासगी दवाखाने झाले, सलाईन झाली, सोनोग्राफी झाली. आईनं गटातून सहा हजार उचलले होते. मुलगी आठवड्यातून तीन दिवस घरी. आजीचं म्हणणं, बेंबी सरकली. बापाचं म्हणणं, शाळाच बंद करा हिची.

आशाताई, मी आणि तिची आई बसलो आणि दोन आठवड्यांची नोंदवही ठेवायचं ठरवलं. वहीत दोन गोष्टी उठून दिसल्या. एक म्हणजे रविवारी दुखणं जवळपास नव्हतंच. दुसरी म्हणजे शौच चार-चार दिवसांनी, कडक. तिला विचारलं तेव्हा ती आईच्या कानात बोलली, शाळेतल्या संडासाचं दार लागत नाही आणि पोरं बाहेर हसतात.

आशाताईनं वजन पाहिलं, ठीक होतं. धोक्याची एकही खूण नव्हती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, शौच साफ व्हायचं औषध दिलं आणि ते काही आठवडे तरी चालू ठेवायला सांगितलं. गटाच्या दोघी-तिघी मुख्याध्यापकांना भेटल्या. दाराला कडी बसली. वर्गातल्या मॅडमनी सांगितलं, दुखलं तर माझ्या टेबलाजवळ बस, घरी जायचं नाही. घरी सकाळी कोमट पाणी, भाकर खाऊन मग दहा मिनिटं संडासात बसायचं, घाई नाही.

पहिले आठ दिवस काहीच फरक पडला नाही, आईनं आशाच सोडली होती. तीन आठवड्यांनी दुखण्याचे दिवस कमी झाले. दोन महिन्यांनी ती शाळेत रोज जायला लागली. आजही परीक्षा आली की तिचं पोट दुखते. पण आता ती म्हणते, "दुखून राह्यलं, पण जाते मी." मला हे वाक्य पुरेसं वाटते. दुखणं शंभर टक्के जाईपर्यंत शाळा थांबवायची नसते. शाळा चालू झाली की दुखणं हळूहळू मागं पडते.

घरी आईनं काय करायचं?

अमेरिकेत लिन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रयोग छापला. पोटदुखीची मुलं आणि धडधाकट मुलं, दोन्ही घेतली. पोट फुगेल इतकं पाणी प्यायला दिलं. मग काही आयांना सांगितलं, लेकराला सारखं विचारा, कुरवाळा, "खूप दुखते का गं?" असं म्हणा. काहींना सांगितलं, दुसऱ्याच गोष्टी बोला, लक्ष वळवा. काहींना काहीच सांगितलं नाही. जिथं सारखी विचारपूस झाली तिथं तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. जिथं लक्ष वळवलं तिथं निम्म्यावर आल्या. गंमत अशी, की पोटदुखीच्या लेकरांच्या आयांना वाटत होतं लक्ष वळवणं निष्ठुरपणाचं आहे. आणि लेकरांनी सांगितलं, त्यानंच बरं वाटलं.

म्हणून:

• दिवसभर "दुखते का?" विचारू नका. लेकरू स्वतः सांगेल तेव्हा एकदा नीट ऐका. म्हणा, "दुखते हे मले माहीत आहे. चाल, आपण श्वास करू, मग तू मले कांदे निवडू लाग."

• पोटानं श्वास शिकवा. उताणं झोपवून बेंबीवर हात ठेवायचा. नाकानं श्वास घेताना पोट फुग्यासारखं वर, सोडताना सावकाश खाली. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं, न दुखतानाही. भेदरलेल्या नसा यानं शांत होतात.

• शाळा बुडू देऊ नका. फारच दुखलं तर अर्धा दिवस, पण रोज. घरी राहिलंच तर मोबाइल, टीव्ही, पाकीट नाही. आराम म्हणजे आराम.

• जेवण वेळेवर. भाकर, वरण, अंबाडी, चिवळ, मेथी, आणि ज्या दिवसांत असेल त्या दिवसांत संत्रं. चहा कमी. लेकराला दुखते म्हणून दूध बंद, गहू बंद, भात बंद असं आपल्या मनानं करू नका. त्यानं वजन घटते.

• नोंदवही: तारीख, वेळ, कुठं दुखलं, किती (एक ते दहा), काय खाल्लं, शौच झाली का, शाळेत गेली का, घरात किंवा शाळेत काय झालं. दोन आठवडे. लिहिता येत नसेल तर लेकरालाच लिहायला लावा.

हे करू नका

मेळघाटात लहान बाळाचं पोट फुगलं की गरम विळ्यानं किंवा सळईनं चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या जेमतेम तीन आठवड्यांच्या बाळाला असेच चटके दिल्याची बातमी साऱ्या राज्यात गेली. चटक्यानं पोटातलं काहीच बरं होत नाही. जखम होते, ती पिकते, आणि खऱ्या आजारावर उपचाराचा वेळ जातो. डंबा देणारी आजी दुष्ट नसते. तिनं तिच्या सासूला तसंच करताना पाहिलेलं असते, आणि दवाखाना लांब असतो. तिला रागावून ती ऐकणार नाही. तिला सोबत घेऊन दवाखान्यात जा, भूमकालाही सोबत न्या. त्याचा शब्द गाव मानते, तर तोच "आधी दवाखाना" म्हणाला पाहिजे.

आपण खाली सपाटीवरचे लोक यातून वेगळे आहोत असं नाही. दर पोटदुखीला सलाईन लावून घेणं, दर महिन्याला नवीन सोनोग्राफी करणं, दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज देणं, हाही आपला डंबाच आहे. उपाशीपोटी घेतलेल्या काही गोळ्यांनी जठराला इजा होते आणि पोट आणखी दुखते.

बैठकीत नेहमी येणारे दोन प्रश्न

"समुपदेशकाकडं नेलं तर लोक पोरीला येडी म्हणतील ना?" काकू, ती दाखवायला नेत नाही, शिकायला नेतो. दुखणं आलं तर काय करायचं, भीती कशी कमी करायची, हे ती शिकते. सांगायचं नसेल तर लोकांना सांगू नका. टेली-मानसला तर घरूनच फोन होतो.

"किती दिवसांनी फरक पडते?" बद्धकोष्ठ असेल तर औषध मधेच सोडायचं नाही, महिना-दोन महिने लागू शकतात. टीमनं महिन्यातून एकदा वही पाहायची. मधे धोक्याची एखादी खूण दिसली तर वाट न पाहता डॉक्टर.

गटाचं काम

दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. या महिन्यात ते असं करू:

१. बैठकीत एक प्रश्न विचारा: कोणाच्या लेकराचं पोट दोन महिन्यांपासून दुखते? नावं पुकारू नका, बैठकीनंतर आशाताईशी जोडून द्या.

२. शाळेचं संडास आणि पाणी पाहून या. कडी, पाणी, बादली. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत विषय घ्या. ग्रामसंघाचं पत्र जोडा.

३. शाळा तपासणीचं पथक कधी येणार, ही तारीख मुख्याध्यापकांकडून घेऊन बैठकीच्या वहीत लिहा.

४. पोटदुखीसाठी कोणी कर्ज मागितलं तर ते अडवू नका. पण आधी विचारा, धोक्याच्या खुणा आहेत का, सरकारी दवाखान्यात दाखवलं का, वही ठेवली का? सोबत कोणी जायला नसेल तर गटातली एक बाई जाईल असं ठरवा.

५. हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा: रुग्णवाहिका १०८, आरोग्य सल्ला १०४, टेली-मानस १४४१६, चाइल्डलाइन १०९८.

नोंदवहीचा नमुना हवा असेल तर तुमच्या सीआरपी ताईकडं मागा. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा ज्यांनी वही ठेवली त्यांच्यासोबत बसू. ज्या लेकराची वही असेल, त्यालाही बोलवा. दुखणं त्याचं आहे, तर टीममध्ये त्यालाही जागा पाहिजे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक